सोहोनी साहेबांची मिरवणूक

“साहेबाचा थो गोल टोप भेटन का वं बाई? दोन दिवसासाठी?”

गिरजाबाई पराते मला हे विचारत होत्या तेव्हा त्यांच्या अंगणात बांबूच्या कामट्यांचा एक माणूस उभा होता. माणूस म्हणजे सांगाडा. कंबरेपर्यंत कागद चिकटवून झाला होता, वरचा भाग अजून नुसता पिंजरा होता. पण नाक आधीच बसवलं होतं, आणि ते नाक मी ओळखलं. तसलं नाक आमच्या अख्ख्या ऑफिसात एकाच माणसाला होतं.

“हे सोहोनी साहेब आहेत?” मी विचारलं.

“हो जी,” मारोतराव म्हणाले. हे गिरजाबाईंचे दीर. कोपरापर्यंत हात चिकीने, म्हणजे कागद चिकटवायच्या खळीने, माखलेले. “जमले का?”

“हुबेहूब.”

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबाची मिरवणूक काढून राहिलो. वाजतगाजत.”

मला एकदम भरून आलं. टोप, म्हणजे सोला हॅट, नक्की मिळवून देते असं सांगून मी सायकलवर बसले आणि गुणगुणत ऑफिसला आले.

नागपूरकर वाचक इथेच हसायला लागले असतील. त्यांनी जरा दम धरावा. बाकीच्यांना मी काहीच माहीत नसताना जशी चालत गेले, तसंच नेणार आहे.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझा जन्म नैरोबीचा. वडील तिथल्या रेल्वेत कारकून. शिकलेही तिथेच, ‘अर्बन स्टडीज’ नावाचा विषय. म्हणजे शहर कसं वाढतं, कोण कुठे राहतं, कामाला कुठून कुठे चालत जातं, पाणी कुणाच्या दारात येतं आणि कुणाच्या येत नाही, याचा अभ्यास. तो देश स्वतंत्र झाला आणि आमच्यासारख्यांनी राहायचं की निघायचं असा प्रश्न पडला. वडिलांनी बोजाबिस्तरा बांधला, आणि काकांच्या भरवशावर आम्ही नागपूरला रामदासपेठेत येऊन उतरलो. तिकडे मी इंडियन होते, इकडे आफ्रिकावाली बाई झाले. माझं मराठी घरात आईकडून शिकलेलं, चांगलं इस्त्रीचं. त्यामुळे इतवारीत मी तोंड उघडलं की बायका कौतुकाने ऐकत, आणि मग एकमेकींना विचारत की काय म्हणून राहिली ही.

नोकरी लागली ती शहराच्या नियोजनाचं काम बघणाऱ्या एका ऑफिसात. पद ‘कम्युनिटी ऑर्गनायझर’. काम असं, की ऑफिस आणि वस्ती यांच्या मधोमध उभं राहायचं, दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या आणि त्या सभ्य भाषेत पलीकडे पोचवायच्या. मला हे काम मनापासून आवडायचं. नेमणूक मात्र टेंपररी होती. साहेबांनी चांगला शेरा दिला तर ती पुढे चालू राहणार होती, आणि साहेब म्हणजे सोहोनी.

आता भांडण कशावरून होतं ते सांगते. गिरजाबाईंची वस्ती विणकरांची. घरोघर हातमाग. घरांच्या दोन रांगा, आणि मध्ये एक लांबलचक मोकळी गल्ली. साडी विणायच्या आधी ताण्याचं, म्हणजे उभं, सूत या गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरतात, त्याला तांदळाची खळ लावतात आणि मोठ्या कुंच्याने धागा धागा मोकळा करतात. याला म्हणतात पाजणी. पाजणी नसेल तर सूत मागावर तुटतं. घरात ती करता येत नाही, कारण एवढं लांब घर कुणाचं नसतं. आणि ती करायची सकाळी, ऊन चढायच्या आत. मग सगळं गुंडाळून माणसं मागावर बसतात आणि गल्ली ओस पडते.

आमच्या ऑफिसचा सर्व्हेवाला तिथे गेला तो दुपारी जेवण करून. त्याला त्या गल्लीत एक शेळी दिसली, तीही झोपलेली. त्याने नकाशावर लिहिलं, ‘रिकामी जागा’. त्याचीही चूक म्हणवत नाही. ऑफिस अकराला उघडायचं, त्यामुळे अकराच्या आधीचं नागपूर आमच्या कुठल्याच नकाशात नव्हतं.

आणि रिकामी जागा दिसली की सोहोनी साहेबांना बाग सुचायची. साहेब मूळचे पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस सचोटीचा. पैसा खात नसत, पानही खात नसत. रेघ मात्र सरळ लागायची. टेबलावरच्या फाइली, खिशातली पेनं, भांग, सगळं एका रेषेत. त्या गल्लीत त्यांनी चारी बाजूंनी लोखंडी कुंपण, मध्ये कारंजं आणि दोन्हीकडे मेंदीची कापलेली बॉर्डर अशी बाग काढली होती. नकाशा मंजूर होता. पोळा आटोपला की कुंपणाचे खड्डे खणायला सुरुवात होणार होती. खड्डे पडले की पाजणी बंद, आणि पाजणी बंद की माग बंद. वस्तीत दुसरा विषय नव्हता.

मी साहेबांशी बोलले नव्हते असं नाही.

“सर, त्या जागेत सकाळी पाजणी होते.”

“मग बागेच्या बाहेर करा म्हणावं.”

“बाहेर जागाच नाही, सर.”

“आणि मुलांनी खेळायचं कुठे?”

“मुलं सुताच्या खालून पळत असतात.”

“मिस पंडित,” साहेब पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, “तुमच्या नैरोबीत बागा होत्या की नाही?”

“होत्या.”

“कारंजी?”

“होती.”

“मग?”

या ‘मग’पुढे माझं काही चालत नसे. वस्तीने अर्ज दिले, साहेबांनी ते वाचलेही, आणि प्रत्येकावर बागेचे फायदे लिहून परत पाठवले.

म्हणून तो सांगाडा पाहून मला भरून आलं. मी मनाशी म्हटलं, शहाणी माणसं आहेत. अर्जविनंत्या झाल्या, आता सन्मानाने मन वळवणार. हार गळ्यात पडला की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो, हे मी नैरोबीतल्या आमच्या मंडळात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मिरवणूक म्हणजे माझ्या माहितीत गणपतीची, नाहीतर पाहुण्याची. नागपुरातला माझा हा पहिलाच पोळा होता. त्या उत्साहात मी दुसऱ्या दिवशी परत अंगणात गेले आणि विचारलं, “साहेबांनाच बोलावू का मिरवणुकीला?”

मारोतरावांचा चिकीचा हात कागदावर तसाच राहिला. त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने त्यांच्याकडे.

“खुद्द साहेब येईन?” मारोतरावांनी विचारलं.

“का नाही येणार? त्यांचीच तर मिरवणूक.”

“थे तं हायच वं बाई,” गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारीला रडू आवरत नाही.

“बलावा, बलावा,” मारोतराव म्हणाले. “आजपर्यंत असं कोनाचंच झालं नाई. असल मानूस कदी आलाच नाई जी.”

साहेबांना मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माझा पुतळा?”

“हो सर. बांबू आणि कागदाचा. मिरवणूक निघणार आहे. तुम्ही यावं अशी त्यांची फार इच्छा आहे.”

“मी असल्या गोष्टींसाठी काम करत नाही, मिस पंडित.”

“माहीत आहे, सर.”

“लोकांना विरोध करायचा असतो आधी. मग पटतं.” खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “किती वाजता आहे?”

हॅटचं सांगितल्यावर तर ते उठलेच. जुनी देत होते, ती परत ठेवली आणि नवी काढून दिली. “फाटकी नको. आणि टाय बांधलाय का त्यांनी? नाही? मग हा न्या.” गळ्यातला टाय सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. दुपारी त्यांनी पुण्याला बायकोला तार केली, की ताबडतोब ये, सत्कार आहे.

ऑफिसातली इतर मंडळी नागपूरचीच. हेडक्लार्क वानखेडे तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. मी त्यांना सरळ विचारलं होतं, “वानखेडे, तुमच्याकडे असे पुतळे मिरवायची पद्धत आहे का?”

“हाय ना,” वानखेडे म्हणाले. “जुनी पद्धत हाय. मोठ्या मोठ्या लोकायची निघते. लहानसहान मानसाले कोन पुसते?”

“मग साहेबांनी जायला हरकत नाही?”

“जाच म्हना. मी सोता घेऊन जातो त्याइले.”

त्या दिवसांत ऑफिसात सगळ्यांना खोकल्याची साथ आली होती. साहेब केबिनमधून बाहेर आले की टायपिस्टपासून चपराशापर्यंत सगळे तोंडावर रुमाल धरून खोकत. साहेबांनी दोघांना सुट्टी घ्या म्हणूनही सांगितलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या रस्त्याकडेला एका ओट्यावर आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब नव्या कोटात, त्यांच्या शेजारी मिसेस सोहोनी. ठेंगणी, गोरी, मिश्कील डोळ्यांची बाई, रात्रीच गाडीने आलेली. मागे मी आणि वानखेडे. रस्त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आमचं सगळं ऑफिस समोरच्या गच्चीवर जमलेलं मला दिसलं. सुट्टीच्या दिवशीही माणसं साहेबांसाठी आली, हे बघून मला बरं वाटलं.

ढोलताशे वाजायला लागले आणि पहिली एक अवाढव्य बाई आली. कागदाची, काळी, लाल जीभ, घरांच्या छपरांपर्यंत उंच. लोक तिच्यासमोर नाचत ओरडत होते, “इडापिडा घेऊन जा गे मारबत. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत.”

“हा काय प्रकार आहे?” साहेबांनी विचारलं.

“मारबत हाय जी,” वानखेडे म्हणाले. “गावातली पीडा, रोगराई हे सगळं घेऊन जाते. मंग तिले गावाबाहेर नेऊन जाळतात.”

“उत्तम कल्पना आहे. आणि ही पुढची?”

“थी पिवळी. थे मागून येऊन राहिले थे बडगे. यंदा ज्याच्यापायी लोकायले तरास झाला, त्याचा बडग्या बनवतात.”

पहिला बडग्या होता रॉकेलमध्ये भेसळ करणाऱ्या दुकानदाराचा. पोट मडक्याएवढं, हातात डबा. लोक म्हणत होते, “भेसळवाल्याले घेऊन जा गे मारबत.”

“यालाही जाळणार?”

“जाळनार ना जी.”

“योग्य आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा होता निवडणुकीनंतर गायब झालेल्या पुढाऱ्याचा. साहेब खूश होऊन हसले. मिसेस सोहोनीही हसल्या. मी मात्र हसता हसता मध्येच थांबले. ज्याच्यापायी त्रास झाला, त्याचा बडग्या. मी वानखेड्यांकडे वळले. ते आकाशातले ढग बघत होते.

“वानखेडे,” मी हळूच म्हटलं, “सगळेच जाळतात?”

“सगळेच.”

“चांगल्या माणसांचे काढत नाहीत?”

“चांगल्या मानसाले काहून जाळतीन, मॅडम?”

मी साहेबांच्या खुर्चीवर वाकले. “सर, ऊन फार आहे. निघू या का?”

“ऊन?” साहेबांनी वर बघितलं. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ होतं. “आता कसं निघायचं? आता आपलंच येईल ना.”

आणि आलंच.

ठेल्यावर उभे सोहोनी साहेब. एका हातात मोजमापाची टेप, दुसऱ्या हातात भली मोठी कात्री. गळ्यात साहेबांचा टाय. तोंड आ वासलेलं, आणि त्या तोंडातून पांढऱ्या सुताची लांबलचक लड लोंबत होती, जणू शेवया खाताहेत. छातीवर पाटी, ‘गल्लीखाऊ साहेब’. पण खरी करामत डोक्यावर होती. मारोतरावांनी हॅटच्या मधोमध भोक पाडून रबरी नळी आत घातली होती. मागे एक माणूस पाण्याच्या डब्याला जोडलेला सायकलचा पंप मारत होता, आणि प्रत्येक पंपाला हॅटमधून कारंजं उडत होतं.

“पाजनीची गल्ली खानाऱ्याले,” एकाने सूर लावला.

“घेऊन जा गे मारबत,” सगळा रस्ता म्हणाला.

पुतळा दिसताच साहेब हात जोडून उभे राहिले होते. ते तसेच उभे राहिले. हात जोडलेले, चेहऱ्यावरचं हसू अर्धवट. त्यांना खाली बसायचं की जायचं हे सुचत नव्हतं. समोरच्या गच्चीवरचं आमचं ऑफिस भिंतीआड वाकून बसलं. आधी पुढच्या रांगेतल्यांनी साहेबांना बघितलं, मग पुतळ्याला, मग परत साहेबांना. ढोल थांबला. इतक्या माणसांमध्ये फक्त पंपाचा आवाज येत होता, फुस्स, फुस्स. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी नोकरी तर गेलीच, ते सोडा. मला भीती वेगळीच होती. साहेबांनी आता हट्टाला पेटून उद्याच खड्डे खणायला घेतले तर त्या वस्तीला कुणी वाचवणार नव्हतं, आणि साहेबांना इथे आणून बसवणारी मी होते.

तेवढ्यात कुणीतरी हसलं. मिसेस सोहोनी. आधी बारीक, मग पोट धरून.

“अहो, नाक,” त्या म्हणाल्या. “नाक बघा की तुमचं.”

साहेबांनी नाक बघितलं. खरंच बघितलं, मान तिरकी करून, ड्रॉइंग तपासतात तसं. मग ते माझ्याकडे वळले.

“मिस पंडित, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही सर. मला वाटलं सत्कार आहे.”

“मलाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. तेव्हा मात्र रस्त्याने श्वास सोडला आणि असा काही हशा उसळला की ओट्यावरच्या खुर्च्या हलल्या. गिरजाबाई गर्दी बाजूला सारत आल्या आणि त्यांनी साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

“मानलं तुमाले साहेब,” त्या म्हणाल्या. “बडगे तं लय निघाले, पन आपल्याच बडग्याले हात जोडून उभा राह्यलेला साहेब आमी पाह्यला नाई.”

त्यानंतर घरी जायचं तर मिसेस सोहोनी ऐकेनात. म्हणाल्या, एवढी पुण्याहून आले, आता शेवटपर्यंत बघूनच जाणार. मग साहेब, त्यांची बायको, मी आणि वानखेडे त्या ठेल्यामागून चालत निघालो. पुढे गल्लीखाऊ साहेब, मागे हार घातलेले साहेब. वाटेत ओळखीचे-अनोळखी लोक नमस्कार करत होते. साहेब दोन्ही बाजूंना मान लववून त्यांचे नमस्कार घेत होते. अर्ध्या वाटेवर तर त्यांनी पंप मारणाऱ्याला सूचनाही केली, की हात एका लयीत चालव, म्हणजे धार सरळ उडेल.

जाळायच्या जागी पोचल्यावर त्यांना हॅटची आठवण झाली.

“ती हॅट तेवढी काढून घेऊ का?” त्यांनी मारोतरावांना विचारलं. “नवी आहे.”

“नाई जी,” मारोतराव म्हणाले. “बडग्याच्या आंगावरची वस्तू परत घेत नाई. घेतली तं पीडाबी वापस येते घरी.”

“जाऊ द्या हो ती हॅट,” मिसेस सोहोनी म्हणाल्या.

गेली. कागद आणि बांबू, पेटायला काय वेळ लागतो. नाक सगळ्यात शेवटी पडलं. साहेब गंभीर होऊन बघत होते. ज्वाळा खाली बसल्यावर मारोतराव त्यांच्यासमोर आले. आता त्यांचा थट्टेचा सूर नव्हता.

“साहेब, आमचा रिवाज हाय. जळला त्याच्यासंग वर्षाचा राग जळते. गल्ली खानारा साहेब होता थो गेला. आता जो उरला थो चांगला साहेब. त्याच्याशी आमचं भांडन नाई. त्याले आमी उद्या सकाळी चहाले बलावून राहिलो. सात वाजता गल्लीत या जी.”

मी जन्मभर लोकांमध्ये काम केलं, पण अडचणीतून बाहेर पडायला याहून मोठं दार मी कुणी कुणासाठी उघडलेलं पाहिलं नाही. त्यांना साहेबांकडून माफी नको होती. चूक कबूल करायला लावायची नव्हती. चुकलेला साहेब वेगळाच होता आणि तो नुकताच जळून गेला होता. साहेबांनी फक्त उरलेला चांगला साहेब व्हायचं होतं. सगळ्या गावासमोर चांगला ठरवल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? साहेब म्हणाले, “येतो.”

सकाळी आम्ही गेलो तर गल्ली ओळखू येत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं सूत ताणलेलं, कमरेच्या उंचीवर, बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या टेकूंवर. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन पुढे-मागे चालत होती. खळीचा आंबूस वास येत होता. मुलं खालून पळत होती. पलीकडे जायचं तर सगळ्यांना वाकूनच जावं लागे, साहेबही वाकून गेले. चहा आला तेव्हा मारोतराव म्हणाले, “साहेब, जरा हे टोक धरता का? मी बिडी वढून येतो.”

साहेबांनी कप खाली ठेवला आणि टोकाचा बांबू धरला. एक डोळा मिटला आणि सुतावरून गल्लीभर नजर टाकली. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते.

“मिस पंडित, इकडे या,” ते म्हणाले. “इथून बघा. माझ्या जागी उभ्या राहून बघा.”

मी बघितलं.

“एवढी सरळ रेघ या शहरात दुसरी आहे का?”

“नाही सर.”

“मीही एवढी सरळ कधी काढली नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता. मारोतराव बिडी ओढून आले तरी साहेब बांबू सोडेनात. तिसऱ्या कैचीपाशी सूत किंचित उजवीकडे जातंय असं त्यांचं म्हणणं होतं. मारोतरावांनी जाऊन बघितलं आणि कैची बोटभर सरकवली. त्यानंतर दोघं असे काही बोलायला लागले की मला आणि गिरजाबाईंना तिथे काही काम उरलं नाही.

राहता राहिला मंजूर नकाशा. बाग रद्द करायची तर फाइल मुंबईला जाणार, आणि मुंबईला गेलेली फाइल आपल्या हयातीत परत येते की नाही हे कुणी सांगावं. साहेबांनी ती पाठवलीच नाही. त्यांनी नकाशावरची बाग तशीच ठेवली, फक्त तिच्यातलं कुंपण काढलं, कारंजं काढलं, मेंदी काढली.

“सर, मग बाग कुठे राहिली?” मी विचारलं.

“बाग म्हणजे मोकळी जागा आणि झाडं. जागा मोकळी आहे. झाडं आपण लावू.”

गल्लीच्या दोन टोकांना दोन कडुनिंब लावले. बरोबर समोरासमोर, साहेबांनी दोरी धरून जागा नक्की केली. नकाशावर ती गल्ली हिरव्या रंगाची झाली आणि सकाळी रोज तिथे पाजणी होत राहिली. खड्डे खणायला आलेले मजूर तेच दोन खड्डे खणून परत गेले. गिरजाबाईंनी त्यांनाही चहा पाजला. संध्याकाळी मी गल्लीतून जात होते तर घराघरातून मागाची खटखट ऐकू येत होती. मी उगीचच एक चक्कर जास्त मारली. सायकलवर बसायचंही सुचलं नाही, इतका आनंद झाला होता.

माझ्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘वस्तीशी संपर्क उत्तम. आवश्यकतेपेक्षा जास्त.’ नोकरी पुढे चालू राहिली, मग पर्मनंट झाली, आणि नागपूरच्याच गल्ल्यांमध्ये मी निवृत्त होईपर्यंत फिरले. ऑफिसने एक नियम केला, की कुठलीही जागा रिकामी लिहायची तर तिथे आधी सकाळी जाऊन यायचं. सर्व्हेवाले कुरकुरले, पण जायला लागले. वानखेड्यांना मी विचारलंच, की बडग्या म्हणजे काय हे तुम्ही आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, “सांगतलं असतं तं साहेब गेले असते काय?”

या धंद्यात नव्याने येणारी मुलं मला अनुभवाचे चार शब्द सांगा म्हणतात. मी दोनच गोष्टी सांगते. नकाशावर जी जागा रिकामी दिसते, ती कुणाची तरी असते, फक्त आपण चुकीच्या वेळी गेलेलो असतो. आणि लोक आपली मिरवणूक काढतो म्हणाले तर जरूर जावं. फक्त ती कुठे जाऊन संपते, तेवढं आधी विचारून घ्यावं.